खांबेटेकाका सर्जन बघतात

आपल्या छातीवर सुरी चालवणाऱ्या सर्जनची चौकशी त्याच्या धोब्याकडे करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे खांबेटेकाका. "इस्त्रीला येणाऱ्या शर्टांना बटणं असतात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बटणं तुटलेली म्हणजे घरात भांडणं, हे त्यामागचं शास्त्र. आणि घरी भांडून आलेल्या माणसाच्या हातात ते आपलं काळीज द्यायला तयार नव्हते.

काका सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, पण तो जोडधंदा. खरा धंदा लग्नं जमवण्याचा, तोही फुकट. दिल्लीतल्या कितीतरी मराठी घरांतली लग्नं त्यांनी जमवली होती. आमचंही त्यांनीच. मला 'बघायला' ते माझ्या ऑफिसात येऊन शेजारच्या टेबलाशी अर्धा दिवस बसून गेले होते, हे मला लग्नानंतर कळलं. स्वतः मात्र सडेफटिंग. लग्न का नाही केलंत विचारलं, तर म्हणायचे, "अरे, माझी चौकशी करायला होतं कोण?" आणि आम्ही हसायचो. आईवडील लहानपणीच गेलेले, कोकणातला एक लांबचा पुतण्या दिवाळीला पत्र टाकायचा, एवढाच गोतावळा.

एकदा जिना चढताना काका आमच्या दाराशी थांबून तुळशीची तब्येत न्याहाळायला लागले. रोजच न्याहाळायला लागले. तेव्हा माझ्या बायकोला, नीलिमाला, शंका आली, कारण तुळस केव्हाच वाळून गेली होती. तिने त्यांना डॉक्टरकडे नेलंच. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. छाती उघडून बायपास करावा लागेल, आणि उशीर केलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

त्या काळात देशात सगळंच खुलं व्हायला लागलं होतं. घरोघरी केबल आली, परदेशी कोला आला, आणि दिल्लीच्या आसपास हॉटेलसारखी दिसणारी हॉस्पिटलं उभी राहिली. सरकारी नोकरांनाही तिथे ऑपरेशन करून घेता यायचं. चार सर्जनांची नावं मिळाली. दुसऱ्या कोणीही पहिल्याकडे जाऊन तारीख घेतली असती. काका म्हणाले, "घर बघायला हवं."

मी वैतागलो. पण स्कूटर माझ्याकडे होती, त्यामुळे माझ्या वैतागाला कोणी विचारलं नाही. तेव्हा बरेच डॉक्टर संध्याकाळी घरीही पेशंट बघत, त्यामुळे काकांचं आयतंच फावलं.

पहिलं स्थळ दक्षिण दिल्लीतलं. धोबी अनुकूल निघाला. डॉक्टर शांतपणे बोलले, रिपोर्ट बघितले, ऑपरेशनला घरचं कोण येईल विचारलं. काका म्हणाले, गाव से आएंगे. बाहेर पडताना मात्र त्यांनी चौकीदाराला गाठलं. तो म्हणाला, साहेब फाटकाशी येतात ते हॉर्न वाजवतच. झालं. "जो माणूस फाटक उघडेपर्यंत थांबू शकत नाही, तो माझी छाती शिवून होईपर्यंत थांबेल?" काकांनी स्थळ नाकारलं.

दुसरं नॉयडाच्या एका कोऱ्या सोसायटीतलं. डॉक्टरांची आई गप्पिष्ट, तिने आम्हाला समोसे दिले. डॉक्टरांनी सगळं समजावलं आणि जाता जाता विचारलं, साथ में कौन रहेगा? काकांचं तेच, गाव से आएंगे. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "हृदयाच्या पेशंटला समोसा देणारं घर बेजबाबदार." मी म्हटलं, "तुम्ही दोन खाल्लेत." तर म्हणाले, परीक्षा पूर्ण घ्यावी लागते.

तिसरा अमेरिकेहून शिकून आलेला. तो एकटाच का परत आला, या मुद्द्यावर बारगळला. त्यानेही तेच विचारलं होतं, आणि काकांनी त्यालाही गावच दाखवलं होतं.

इकडे काका आता दोन पायऱ्यांनंतरच थांबायचे. नीलिमा रडकुंडीला आली. "अहो काका, सून आणताय का?" ती एकदा ओरडलीच. काका म्हणाले, "सून आवडली नाही तर वेगळं राहता येतं, पोरी."

चौथे सर्जन सरदारजी. गुडगावात नुकत्याच वसलेल्या कॉलनीत राहायचे, जिथे रस्त्याच्या आधी बंगले आले होते. रविवारी गेलो तर स्वतःच टँकरच्या पाण्याने बादल्या भरत होते. हात पुसून त्यांनी आम्हाला अंगणात बसवलं. काकांनी विचारलं, राग येतो का? झोप लागते का? सासूशी कसं आहे? मी जमिनीकडे बघत बसलो. सरदारजींनी शेवटपर्यंत उत्तरं दिली. मग म्हणाले, "अंकलजी, मेरी इंक्वायरी हो गई. अब एक सवाल मेरा. ऑपरेशन के टाइम बाहर कौन बैठेगा?"

"गाव से आएंगे."

"कौन आएगा?"

काका रिपोर्टांची फाइल मिटत म्हणाले, "उसकी क्या ज़रूरत है? आप तो अंदर होंगे."

"ज़रूरत मेरी है, जी. मैं बाहर आके किसको बताऊँ कि सब ठीक है?"

लग्नाच्या बैठकीत 'तुमच्याकडून कोण कोण येणार' हे विचारून समोरच्यांना घाम फोडणारा माणूस स्वतःच्या चपलेकडे बघत राहिला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हॉर्न, समोसे, अमेरिका, सगळी निमित्तं होती. प्रत्येक घरी हा प्रश्न आला की काका ते घर सोडत होते. मला फार वाईट वाटलं.

मी म्हटलं, हम बैठेंगे. मैं और मेरी पत्नी.

परत येताना धौला कुआँच्या चौकात सिग्नलला स्कूटर थांबली. काका मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घर चांगलं आहे."

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना त्यांनी आम्हाला दहादा बजावलं: उगाच ताटकळू नका, जेवून या, रजा फुकट घालवू नका. आम्ही बाकावर बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशातली नळी काढली आणि मला आत सोडलं. चेहरा पार उतरला होता. त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, दुखतंय म्हणतील.

"बसला होतात?"

"हो."

"दोघं?"

"दोघंही. मी एकदा चहाला गेलो, तेव्हा नीलिमा होती."

त्यांनी डोळे मिटले. पाणी कानशिलावरून उशीत चाललं होतं, हाताला सुया टोचलेल्या, म्हणून मीच पुसलं.

"डॉक्टर बाहेर येऊन काय म्हणाले?"

"आधी सिस्टर दारात आली. म्हणाली, खांबेटे के घरवाले कौन हैं?"

"मग?"

"मग आम्ही उठलो, काका."