पिंपळशेंडेकाकांची सही

आमच्या ट्रॉय गावात कुणाच्याही बॅकयार्डात बार्बेक्यू असला की पिंपळशेंडेकाका आधी कोळशाची पिशवी तपासतात. एक तुकडा उचलून पेपर प्लेटवर रेघ ओढतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "हा लाकडाचा हाये. याले कोळसा म्हणू नका." यजमान बिचारा कानकोंडा होऊन कणसं भाजत राहतो.

काकांची हयात चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींत गेली. रिटायर होऊन मुलाकडे आले, तर इथल्या एका छोट्या कंपनीने त्यांना कन्सल्टंट करून घेतलं. अलास्काच्या पार उत्तरेला, जिथे रस्ता नाही, झाड नाही, समुद्रही बरेच महिने गोठलेला, तिथे कोळसा किती आहे ते सांगायचं. काकांना क्षणभरही शंका नव्हती. "जाड थर हाये. माही सही घ्या."

दर गुरुवारी सकाळी तिथल्या कॅम्पवरून एमिली नावाची जिऑलॉजिस्ट व्हिडिओ कॉल करायची. बोअरमधून निघालेले दगडाचे लांब दांडके कॅमेऱ्यासमोर धरून इंग्रजीत, पण माझं ऐकून 'काका' म्हणत विचारायची, "काका, काय दिसतंय?" काका इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. कॉल लावून द्यायला मी, कारण मी शेजारी आणि वर्क फ्रॉम होम, म्हणजे काकांच्या लेखी रिकामटेकडी. एकदा लांबवर अस्वल दिसलं म्हणून एमिली फोन घेऊन तंबूकडे धावली, तर काका इकडून म्हणतात, "कॅमेरा इज शेकिंग."

प्रत्येक कॉलच्या शेवटी काका अजून एक बोअर मारायला सांगायचे. ऑगस्ट संपला तरी तेच. शेवटी एमिली रडकुंडीला आली. काकांनी रिपोर्टवर सही केल्याशिवाय कॅम्प उठणार नव्हता आणि तिची दीड वर्षांची मुलगी आजीकडे होती.

कॉल संपल्यावर मी जरा चिडूनच म्हटलं, "काका, कोळसा आहे हे तुम्हाला जूनमध्येच कळलं होतं ना? मग कशाला अडवून धरलंय तिला?"

काका शर्टाची बाही नीट करत राहिले. "सही केली का फोन येनं बंद होते, पोरी. या घरात मले कोनी काही विचारत नाही. जेवलात का, एवढंच."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. फार वाईट वाटलं. पण काकांनी स्वतःच लॅपटॉप पुढे ओढला, सही ठोकली आणि रिपोर्ट पाठवून दिला. "तिचं लेकरू वाट पाहून राह्यलं असन."

पुढच्या गुरुवारी, बरोबर त्याच वेळेला, माझा फोन वाजला. काका होते.

"काही विचाराचं हाये का तुले?"

माझी मीटिंग सुरू होत होती. ती मी कॅन्सल केली आणि म्हटलं, "हो काका. भरपूर."