वसंताचा कावळा

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. अंघोळ करून, डोळ्यांत साबण असताना टॉवेलला हात घातला, तर हातात शेपूट आलं. दांडीवर माकड लटकलेलं. आमच्याच टॉवेलचं.

"वसंता!" मी ओरडलो.

"ओढू नका हं दाजी, मान मोडेल त्याची!" बाहेरून आवाज.

वसंता म्हणजे माझा मेव्हणा, आमच्या हिचा धाकटा भाऊ. उत्तनच्या एका रिसॉर्टात तीस वर्षं खोल्या लावतोय. नवं जोडपं आलं की पलंगावर टॉवेलचे दोन हंस, पोरंबाळं आली की हत्ती, आणि जेवणाच्या टेबलावर कलिंगडाचा गुलाब. लग्न केलं नाही. राहायचा तिथंच, मागच्या खोलीत. मंगळवारी सुट्टी, म्हणून मंगळवारी भाईंदरला बहिणीकडे जेवायला. तो जाईपर्यंत आमच्या घरातलं एक कापड सरळ राहायचं नाही. उशीचा अभ्रा ससा, माझा हातरुमाल बेडूक. "घडीत जीव असतो, दाजी," म्हणायचा. एकदा डॉक्टरसमोर खोकला आला, खिशातून रुमाल काढला तर बेडूक. तसंच तोंड पुसलं. डॉक्टरांनी औषधच बदलून दिलं.

मी तिसरीत शाळा सोडली. पण टॉवेल अंग पुसायला असतो, एवढं कळायला मला मास्तर लागला नाही.

सोसायटीच्या सत्यनारायणाला त्याला फळं कापायला बसवलं. मी नको म्हणालो होतो. त्यानं पपईचा मोर केला, एकेक पीस वेगळं. आरती झाली, प्रसाद वाटायची वेळ आली, आणि मोराला सुरी लावायला कुणी तयार होईना. तिसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन हात जोडून म्हणाल्या, "अंकल, पाप लगेगा." शेवटी सगळ्यांनी मोरासोबत फोटो काढले आणि केळं खाऊन घरी गेले.

"अरे, खायची वस्तू आहे ती!" मी म्हटलं.

"खातात रोजच, दाजी. बघतात कधी?"

या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेव, असं हिला सांगून मी थकलो. ती एकदाच म्हणाली, "मी गेल्यावर ठेवालच की." मी टीव्हीचा आवाज वाढवला. मी उगाच उत्तरं देत नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती गेली.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. समोरच्या भिंतीवर कावळे ओळीनं बसलेले, पण एकही शिवेना. गुरुजी म्हणाले, "त्यांचं मन कशात अडकलंय, ते बोला." मुलगा म्हणाला, "आई, बाबांशी भांडणार नाही." मी म्हणालो, "गोळ्या वेळेवर घेईन." कावळे ढिम्म. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाडीकडे बघायला लागलो.

तासाभरानं गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू. चालतो शास्त्राला."

"दर्भ कशाला? मी आहे ना!" वसंतानं माझ्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि मातीत फतकल मारून बसला. दुमडला, पिळला, मान काढली. हंस झाला.

"अहो, कावळा हवाय!" गुरुजी.

त्यानं उलगडून पुन्हा केला. पुन्हा हंस. तिसऱ्यांदा चोच आखूड करायला गेला, तर हंसानं मान आणखीच झोकात वळवली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. माझा मुलगाच तो.

वसंतानं तळवे मांडीवर पुसले. "दाजी, हात ऐकत नाहीत हो." मग तो हंस त्यानं पिंडासमोर ठेवला. "ताई, मंगळवारचं मनात धरू नकोस. रिसॉर्टात मेस आहे. चांगलं असतं तिथलं. जा तू."

चांगलं नसतं. तसं असतं तर हिनं दर मंगळवारी जाताना त्याला बुधवारचा डबा बांधून दिला नसता.

मी मोठ्यानं म्हणालो, पार भिंतीपर्यंत जाईल असं, "मंगळवारी वसंता आपल्याकडेच जेवणार. मी रांधीन."

एक कावळा उतरला. आधी हंसाच्या डोक्यावर बसला, मग पिंडाला चोच लावली. मी बोललो म्हणून आला, असं मी मानत नाही. भूक लागली असेल त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायला सांगितलं आणि हळूच विचारलं, भाताला पाणी किती? तिनं पातेल्यात बोट बुडवून दाखवलं, तांदळाच्या वर एक पेर. मीही बोट बुडवून बघितलं.