जलाशयावर माझा हुकूम

शहराला पाणी आणल्याचे श्रेय अभियंत्यांनी खुशाल घ्यावे; ते पाणी पिण्याजोगे राहिले ते माझ्या आवाजामुळे! आमचे हे जलाशयाचे रखवालदार, पण पोहायला घुसलेल्या पोरांना "सावकाश हं" म्हणणारे. त्यामुळे एकतीस वर्षे, काठावरच्या दोन खोल्यांच्या खिडकीतून, रखवाली प्रत्यक्षात मीच केली.

पुढे दूरच्या धरणाचे पाणी आले, इथे जलपर्णी माजली, आणि हेही गेले. यंदा गाळ उपसून नौकाविहार सुरू झाला. ठेका माझ्या सुनेचा! पहिल्या दिवसाची गर्दी पाहून पालिकेचे साहेब तो कायम करणार होते.

"आई, तुम्ही फक्त खुर्चीत बसा," सून म्हणाली.

बसले. समोर तेच पाणी. वाटले, आता हे पातळी मोजून परत येतील. तेवढ्यात एका गृहस्थाने नावेतून पाय पाण्यात सोडला.

"पाय बाहेर! सगळे काठावर या! शहर पितं हे पाणी!"

अकराच्या अकरा नावा बदकांच्या पिल्लांसारख्या काठाला लागल्या!

"काय झालं हो?"

"पाण्यात काहीतरी आहे म्हणे."

"मगर?"

"दोन!"

पाच मिनिटांत अग्निशमन दल हजर. सून पांढरीफटक. साहेबांनी सहीसाठी काढलेले पेन परत खिशात!

"मगर नाही, मी होते," मी म्हणाले. दिलेला हुकूम मागे घेण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. "जा, बसा नावेत!"

कोणी हलेना. चपला हातात धरलेले एक टकले आजोबा म्हणाले, "काकू, लहानपणी असंच गोड बोलून आम्हाला झुडपातून बाहेर काढलंत, आणि मग कान पिळलेत! आधी तुम्ही बसा."

सुनेच्या पोटाचा प्रश्न होता. पदर खोचला आणि बसले. आजोबा शेजारी, पायांनी पायडल मारत नाव हाकत.

मधोमध गेल्यावर आमची खिडकी दिसली. केवढीशी होती! एकदा हे म्हणाले होते, "चल, कोणी नाही, पाय तरी बुडव." मी त्यांच्यावरही डाफरले होते.

मागोमाग नावा भरल्या, काठावर रांग लागली, साहेबांनी सहीही केली. फक्त सुनेला तीनदा शिट्टी फुंकावी लागली.

"आई, वेळ संपली! बाहेर या!"

वयोमानाने मला हल्ली कमी ऐकू येते, असे मी नंतर तिला सांगितले.