मेमरीचा बांध

सरपंच हंबीररावांची खुर्ची शाबूत राहिली. वाचक हे आत्ताच विसरले असं धरून चालू, म्हणजे पुढं काळजी करता येईल.

उंब्रजच्या अलीकडं एका गावात पंचायतीच्या कॉम्प्युटरवरून कर्ण्यावर सूचना देतात. मंगळवारी सकाळी कर्णा हंबीररावांच्या आवाजात म्हणाला, "उद्या सहा वाजता नळाला पाणी सुटेल." आणि न थांबता त्याच आवाजात पुढं म्हणाला, "पानी कुठलं सुटतंय, मोटर जळलीया. पर सभा हुस्तवर गप ऱ्हावा."

सभा त्याच संध्याकाळी होती. हंबीररावांवरच्या अविश्वास ठरावाची.

"शिवांजली, ते मागलं बोलनं आपन पुसलं हुतं न्हवं?" हंबीररावांनी विचारलं.

शिवांजली पंचायतीची ऑपरेटर, कराडला इंजिनिअरिंग केलेली. "पुसलं तरी मेमरीत पडून ऱ्हातंय, आबा. दोष सिस्टीमच्या ऑडिओ ड्रायव्हरमधी हाय. आवाज वाजवायचा प्रोग्राम तो. आपला तुकडा कुठं संपला ते बघतच न्हाई, शेजारच्या तुकड्यात शिरून तिथलंबी वाजवतोय."

हंबीररावांनी कॉम्प्युटरकडं बोट केलं. "म्हंजे ह्यो बांध कोरतोय."

"व्हय. तसंच."

"मग जिंकलो आपन," म्हणून ते जेवायला गेले.

सभेत विरोधी गटाचा मानसिंग ठराव घेऊन उभा राहिला. "सरपंच खोटं बोलले. अख्ख्या गावानं ऐकलंय."

"बोललो," हंबीरराव म्हणाले. "पर खरं बोललो ते माझ्या हद्दीत. ड्रायव्हर बांध कोरून आत शिरला. आता दोष कोरनाऱ्याचा, का ज्याचा कोरला त्याचा?"

मागून शालूबाई उठल्या. "मानसिंगा, तूच सांग की रं. माज्या उसाच्या दोन सऱ्या तुज्याकडं कशा आल्या?"

"आवं काकी, ठराव मोटरीचा हाय."

"आदी सऱ्यांचं बोल."

अर्ध्या तासात अकरा बांध निघाले. ठरावाच्या पाठीवर कुणीतरी जमिनीच्या गटाचा नकाशा काढला, दुसऱ्यानं तो चुकीचा म्हणून फाडला. मोटरीचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी एकच अर्ज एकमतानं मंजूर झाला:

"मा. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांस. पंचायतीच्या कॉम्प्युटरमधील मेमरीची अतितातडीची मोजणी करून ड्रायव्हरच्या हद्दीवर दगड रोवून मिळावेत, व मोजणीपूर्वी लगतच्या कब्जेदारांना नोटीस बजावावी, ही नम्र विनंती."