रानकांद्यापुढची चिठ्ठी

निसर्गमंडळाच्या परीक्षक बर्वेबाई दहा वाजता घरी येणार होत्या, म्हणून नौपाड्यातल्या विश्राम दातारांनी आठलाच टेबल मांडून ठेवलं. एका बाजूला खडवलीच्या नदीकाठून आणलेला, मखमली शेवाळ धरलेला दगड. त्याच्यापुढे चिठ्ठी, ‘दुर्मिळ. हात लावू नये.’ दुसऱ्या बाजूला निव्वळ तुलनेसाठी बायकोच्या कुंडीतला रानकांदा आणि चिठ्ठी, ‘सामान्य. कुठेही आढळतो.’ शेवाळ दुर्मिळ असल्याचं बाईंना पटलं, की मंडळाच्या वार्षिक अंकात दातारांचा लेख येणार होता. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवूनही त्यांचं नाव छापून आलं होतं ते फक्त स्वतःच्या लग्नपत्रिकेत.

एवढं करून दातार आंघोळीला गेले, आणि घरकाम करणाऱ्या गंगुबाई आल्या. साक्षरता वर्गात त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या.

दहाला बर्वेबाई टेबलापाशी वाकल्या. दगड लख्ख घासलेला होता. पुढे चिठ्ठी होती, ‘सामान्य. कुठेही आढळतो.’

“पटलं,” बाई म्हणाल्या. “दगड कुठेही आढळतो.”

दातारांनी दगड उलटून पाहिला. “गंगुबाई, शेवाळ कुठे गेलं?”

“घासून काढलं. पाहुणे यायचे आणि टेबलावर शेवाळलेला दगड, बरं दिसतं का?”

“अहो, हात लावू नये असं लिहिलं होतं ना?”

“वाचलं म्हणून तर कांद्याला हात नाय लावला. तुमच्या चिठ्ठ्या उलट्या लागलेल्या, त्या पण नीट केल्या.”

बर्वेबाईंनी चष्मा काढला. “उलट्या कशा?”

“शेवाळ काय, आमच्या बाळकुमला नवीन बिल्डिंगी झाल्या, त्यांच्या टाक्यांना पण धरतं. रानकांदा कुठं राहिला? आमच्या बांधावर रांग होती. आता तिथं बिल्डिंगवाले गाड्या उभ्या करतात.”

“दातार, तुम्ही रानकांदे मोजलेत?”

“नाही,” दातार म्हणाले. सामान्य लिहायला मोजावं लागतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मग मोजा आणि त्यावर लिहा. लेख मी छापते.”

शेवाळाचं दातारांना वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. नाव छापून येणार होतं. त्यांनी गंगुबाईंना खुर्ची दिली आणि वही उघडली.

“सांगा, बाळकुमला शेवटचा रानकांदा कधी पाहिलात?”

“हा काय समोर. बांधावर पाया खणायला घेतला तेव्हा एवढा एकच हाती लागला, तो इथं वहिनींना कुंडीत लावायला आणून दिला.”

दातारांनी वही मिटली आणि आधी कुंडीत तांब्याभर पाणी घातलं.