आसनाखालची टोपी

अहल्याक्का धारवाडला गेल्या आणि वसुमतीची टोपी वाढतच राहिली.

टोपी सासऱ्यांसाठी होती. शेषगिरीराव दर धनुर्मासात पहाटे गार पाण्याने आंघोळ करून, घरची पूजा उरकून मठात जात. यंदा त्यांचा कान ठणकू लागला, तेव्हा डॉक्टरांनी बजावले की कान झाका, नाहीतर पहाटेचे जाणे बंद. धुवट उपरण्याने वारा अडत नव्हता. लोकर सोवळ्यात चालते. पण बाजारातली कानटोपी कुणी कुणी डोक्यात घालून पाहिलेली असते, ती सोवळ्यात कशी चालणार? राहिली घरी विणलेली टोपी.

वसुमतीला तर ही संधीच वाटली. चार महिन्यांपूर्वी ती लग्न होऊन चामराजपेटेतल्या या घरात आली, तेव्हा तिचे कॉलेज सुटणार हे जवळजवळ ठरले होते. शेषगिरीराव कुणाशी न बोलता छत्री घेऊन बाहेर पडले आणि संध्याकाळी परत येऊन भिंतीला म्हणाले, "नाव घालून आलोय. सोमवारपासून जायचं म्हणावं."

भिंतीला म्हणाले, कारण त्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नसे आणि सून तर सासऱ्यांसमोर तोंडच उघडत नसे. मधले सगळे दळणवळण सासूबाई, म्हणजे कृष्णाबाई, सांभाळत. जेवण झालंय म्हणावं, छत्री सापडली म्हणावं, इथपर्यंत ते ठीक चाले. पण आभार दुसऱ्याच्या तोंडून कसे पाठवायचे? ते वसुमतीच्या घशाशी चार महिने अडकून पडले होते. टोपी दिली की न बोलता पोचतील, असा तिचा हिशेब होता.

शेजारच्या अहल्याक्कांनी तिच्या हाती क्रोशाची सुई दिली. मध्ये लहानसे कडे करायचे आणि गोल गोल विणत प्रत्येक फेरीत टाके वाढवत जायचे.

"वाढवणं थांबवायचं कधी?" वसुमतीने विचारले.

"मी आहे की. आधी स्वल्प होऊ दे, मग सांगते."

त्याच आठवड्यात अहल्याक्कांच्या मुलीला कळा लागल्याची तार आली आणि त्या रात्रीच्या गाडीने गेल्या. वसुमती आज्ञाधारक होती. तिने टाके वाढवले. टोपी पुरीएवढी झाली, पोळीएवढी झाली, ताटाएवढी झाली, पण वाकायचे नाव घेईना. कुठल्यातरी फेरीला ती आपोआप खोल होईल, या भरवशावर वसुमती विणत राहिली. तिचा नवरा रघुपती रोज ऑफिसातून आला की पाहून जाई.

"अण्णांचं डोकं मोठं आहे," एकदा तो शांतपणे म्हणाला. "त्यांचं सगळं ऑफिस म्हणायचं. पण इतकं?"

एके दिवशी कॉलेजच्या घाईत ती टोपी खाटेवरच राहिली. टोपीचा पत्ताच नसलेल्या कृष्णाबाईंनी ती पाहिली. लोकरीची, गोल, जाड आणि ताटासारखी सपाट. धनुर्मासात घरातली सून आणखी काय विणणार? त्यांनी ती उचलून देवासमोर मांडली.

वसुमती घरी आली तेव्हा निरोप तयार होता. "आसन फार ऊबदार झालंय म्हणाले. फरशी गार लागत नाही आता."

वसुमतीने बोलायला तोंड उघडले. पण मामंजी टोपीवर बसले आहेत, हा निरोप सासूबाईंनी मामंजींना कोणत्या शब्दांत द्यायचा, ते तिला सुचेना.

शेषगिरीरावांनी मठात आसनाचे कौतुक केले. पुराण सांगणाऱ्या जयतीर्थाचारांनी लगेच लोकर पाठवली. मग आणखी दोघा वृद्धांची आली. वसुमती अभ्यास सारून विणू लागली. चूक आता चांगली सफाईदार होऊ लागली होती. आसनांची कीर्ती पसरली आणि इकडे शेषगिरीरावांचा कान उघडाच राहिला. शेवटी तो असा ठणकला की डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, असा उघडा कान घेऊन उद्यापासून पहाटे बाहेर पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कृष्णाबाई हुग्गी, म्हणजे धनुर्मासाची मुगाची खिचडी, रांधायला मठात गेल्या होत्या. रघुपती रजईत होता. शेषगिरीराव घरची पूजा उरकून, कानावर हात धरून, नुसतेच बसून होते. इतक्या वर्षांत त्यांचा धनुर्मास कधी मोडला नव्हता. न्हाऊन आलेली वसुमती दारात उभी राहिली. निरोप्या घरात नव्हता, भिंतीशी बोलायचा मान फक्त वडीलधाऱ्यांचा होता. तिने समोरच्या मूर्तीला हात जोडले.

"देवा," ती म्हणाली, "मामंजी बसलेत ते आसन नाही. ती टोपी आहे. बिघडलेली."

शेषगिरीराव एका अंगाला झाले, खालची लोकर ओढून काढली आणि मूर्तीकडे पाहूनच म्हणाले, "देवा, तिला विचार, ही घालायची कशी?"

"काठाच्या आतून दोरा ओवून आवळली तर बसेल, देवा."

त्यांनी टोपी उंबऱ्यावर ठेवली. वसुमतीने उरलेल्या लोकरीचा धागा टाक्यांतून ओवला आणि खेचला. आसनाची पुरचुंडी झाली. शेषगिरीरावांनी ती डोक्यावर घेतली. टोपी वर मोदकासारखी फुगली, खाली झालर लोंबली. पण दोन्ही कान आत गेले. त्यांनी कानावरचा हात काढला.

"आणि देवा," वसुमती म्हणाली, "माझं नाव घालून आले, त्या दिवशी मला काहीच बोलता आलं नाही. उपकार विसरले नाही म्हणावं."

शेषगिरीरावांनी छत्री घेतली, पायात वहाणा सरकवल्या. दाराशी थांबून त्यांनी झालर मागे सारली आणि पहिल्यांदाच थेट सुनेकडे पाहिले.

"पोचलं," ते म्हणाले. "पण वसुमती, मठात कुणाला सांगू नकोस हं. जयतीर्थाचार पंधरा दिवस टोपीवर बसून पुराण सांगतायत."