तांड्यातलं चांगलं रक्त

राजेहो, एखादं काम या देवीलालच्या हाती देल्लं की ते झालंच समजा! लग्नाची पंगत असो की बैलाची खरेदी, सारा तांडा मलेच इचारते. म्हणून माही पुतणी रंजिता नागपूरहून फोनवर म्हणाली, "काका, वीस माणसायचं रक्त पाह्यजे," तवा मी म्हणलं, "वीस काय, चाळीसायचं देतो!"

पोरगी मोठी हुशार! रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हंजे शरीराचे राखणदार. फवारणीच्या विषानं हे राखणदार सुस्त पडतात काय, हेच ती प्रयोगशाळेत पाहून राह्यली. तिले दहा माणसं विष हाताळणारी पाह्यजे होती, अन् दहा न हाताळणारी. तीन वर्षांचा अभ्यास, तपासाचं यंत्र भेटणार फक्त रक्त घ्याच्या त्याच दिवशी. पेशी जिवंत पोचाच्या, म्हणून नागपूरची गाडी दुपारी बाराले निघालीच पाह्यजे.

आता येवढ्या शिकलेल्या पोरीले कोणाचंही रक्त कसं द्यावं? किसनसिंगचे डोळे फवारून लाल, भारत सारखा खोकते, बाकीचे खाजवून राह्यले. तांड्याची इज्जत काय राहीन! सगळ्या फवारणाऱ्यायले मी त्या दिवशी सकाळीच उमरखेडले खत आणाले पिटाळलं. चाळीस म्हणलं होतं, पण निवडता निवडता ओट्यावर बसले दहाच गडी! दूधवाले, दुकानवाले, तालमीतले. आंघोळ करून, टोप्या घालून, नवरदेवच जसे!

गाडी घेऊन आलेल्या रंजितानं इचारलं, "यायच्यात फवारणी कोण करते?"

"कोणीच नाही! सगळं शुद्ध रक्त!"

तिचा चेहराच उतरला. "अहो काका, मले फवारणारे बी पाह्यजेत! तुलना कशाशी करू?"

"येवढंच ना? अर्ध्या घंट्यात फवारून आणतो! बादल, पंप घे!"

ओट्यावरच्या दहातला हा बादल हुकमाचा ताबेदार. उघड्या अंगानं पंप पाठीवर घेऊन कपाशीच्या पऱ्हाटीत शिरला बी!

"लोकायले विष लागू नये म्हणून तर हे करून राह्यली मी!" रंजिता ओरडत, चपला सोडून त्याच्यामागं धावली. पंप काढाले लावला, साबण देऊन हौदावर धाडलं. अशी पोरगी हजारात एक, खरं सांगतो!

पण परत आली तवा डोळ्यात पाणी. "फवारणारे तर उमरखेडहून सांजेले येतीन. माही तीन वर्षं वाया गेली!"

माही बायको बसंतीबाई पदर खोचून पुढं आली. "काहून रडून राह्यली वं पोरी? ड्रमात फवारणीचं औषध कोण कालवते? उघड्या हातानं, आम्हीच ना!"

पाहता पाहता दहा बायायची रांग लागली. रंजिता बसंतीबाईच्या गळ्यातच पडली. "काकू, तुमाले तर आजवर कोणी मोजलंच नाही!" रक्त घेता घेता तिनं हरेकीले हातमोजे देल्ले. माहा ऊर भरून आला बाप्पा!

पण बादल आता फवारलेला. न हाताळणारे नऊच उरले, अन् पावणेबारा झाले!

रंजिता म्हणाली, "यंदा औषधाले बोट बी न लावलेला एक माणूस द्या!"

बसंतीबाईनं सरळ माह्याकडं हात केला.

"मी? अवं, आपली फवारणी मीच करतो! सारा तांडा जाणते!"

"करता की! निंबाखाली, खाटेवर बसून, फोनवर. पंप माह्या पाठीवर राह्यते."

सारे खदखदा हासले. मी गुपचूप बाही वर केली.

महिन्यानं रंजिताचा फोन आला. साऱ्या तांड्यात सगळ्यात तरतरीत राखणदार माह्याच रक्तात निघाले! येवढं मोठं कौतुक, पण राजेहो, अजून एकालेही सांगता आलं नाही.